गेलेल्यांच्या धावांचा हिशेब

ऑक्टोबर २०२५ मध्ये गहुंजे येथे महाराष्ट्र आणि मुंबई या संघांचा एक सरावाचा सामना झाला. काही महिन्यांपूर्वीच मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेलेला पृथ्वी शॉ सलामीस आला आणि आपल्या कालपरवापर्यंतच्या सहकाऱ्यांच्या गोलंदाजीवर त्याने १८१ धावा काढल्या. सामना सरावाचा; त्यास ना गुण, ना करंडक. तथापि अशा वेळी पनवेलहून सुटणाऱ्या हार्बर लोकलच्या डब्यात जो निकाल हमखास ऐकू येतो, तो याही वेळी लागला : ‘मुंबईने हातचा हिरा घालवला.’ पुढच्याच आठवड्यात रणजी मोसमातील पहिल्या डावात शॉ शून्यावर बाद झाला, तेव्हा हा निकाल कोणी फिरविला नाही. त्यानंतरच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा फटकावल्या आणि निकालावर जणू शिक्कामोर्तब झाले. मुंबईच्या निवडकर्त्यांनी एक वर्षापूर्वी त्याला रणजी संघातून का वगळले होते, त्यावेळी त्याची तंदुरुस्ती आणि शिस्त यांविषयी कोणत्या बातम्या प्रसिद्ध झाल्या होत्या, याची आठवण काढण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. धावफलक समोर असता स्मरणशक्तीला ताण देण्याचे कारण तरी काय ?

मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडे म्हण आहे. क्रीडाक्षेत्रात तिचा प्रत्यय दर मोसमात येतो. संघात असताना ज्याच्या प्रत्येक अपयशावर बोटे मोडली जात, तो संघ सोडून गेला की त्याची प्रत्येक धाव आणि प्रत्येक बळी जुन्या संघाच्या नावे टाकण्यात येतो. गेलेला खेळाडू चमकला की व्यवहार फसला, तो मावळला की व्यवहार साधला, असे हे सोपे गणित आहे. सोपे आहे म्हणूनच ते लोकप्रिय आहे. परंतु ते चुकीचे आहे. ही चूक केवळ लोकलमधल्या गप्पांपुरती राहिली असती, तर तिच्यावर वृत्तपत्राची शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. तिच्या धाकाने निर्णय घेतले जातात, आणि त्या निर्णयांची किंमत विशी-बाविशीतल्या मुलांना मोजावी लागते.

हे गणित कसे फसते याचे सर्वांत बोलके उदाहरण शिखर धवनचे आहे. २०१८ च्या अखेरीस हैदराबादच्या संघाने धवनला दिल्लीकडे सोपविले आणि त्याच्या बदल्यात विजय शंकर, शाहबाज नदीम व अभिषेक शर्मा असे तिघे घेतले. पुढच्या मोसमात धवनने दिल्लीसाठी ५२१ धावा केल्या. २०२० मध्ये लागोपाठच्या दोन शतकांसह ६१८ केल्या आणि दिल्लीचा संघ आयपीएलच्या इतिहासात प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. त्या वर्षी कोणालाही विचारले असते, तर हैदराबादने आपली फसगत करून घेतली असेच उत्तर मिळाले असते. पुढे चार वर्षे लोटली. त्या व्यवहारातील सर्वांत कोवळा मोहरा, दिल्लीने वरकड म्हणून दिलेला डावखुरा पोरगा, २०२४ मध्ये हैदराबादचा सलामीवीर म्हणून ४८४ धावा करून गेला, त्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि २०२५ मध्ये त्याने पंजाबविरुद्ध एकाच डावात १४१ धावा कुटल्या. झाले ! तोच व्यवहार, तेच कागद, त्याच सह्या. परंतु आता फसगत झाली ती दिल्लीची! २०२० चा निकाल खरा मानावयाचा की २०२४ चा ? आणि २०३० मध्ये आणखी काही घडले, तर तिसरा निकाल लावावयाचा काय ?

यातली खरी गंमत आणखी निराळीच आहे. २०२२ च्या महालिलावात अभिषेक शर्माचे नाव सर्वांसाठी खुले होते. हैदराबादने त्यास साडेसहा कोटी रुपये मोजून पुन्हा विकत घेतले. म्हणजे २०१८ च्या व्यवहाराचा धागा तेथेच तुटला होता. त्यानंतरच्या त्याच्या धावांचे श्रेय द्यावयाचे तर ते २०२२ मध्ये बोली लावणाऱ्यास द्यावयास हवे, आणि दोष द्यावयाचा तर तो त्या दिवशी हात वर न करणाऱ्या सर्वच संघांना सारखा वाटून द्यावयास हवा. परंतु धावफलकावर धागे दिसत नाहीत, आकडे तेवढे दिसतात.

अशीच कथा झहीर खान व रॉबिन उथप्पा यांची. २००९ च्या मोसमापूर्वी मुंबईने उथप्पा बंगळूरला दिला व झहीर घेतला. उथप्पाने २०१४ मध्ये स्पर्धेतील सर्वाधिक, ६६० धावा केल्या. पण त्या कोलकात्यासाठी, आणि मधल्या काळात तो पुण्याच्या संघातूनही खेळून आला होता. झहीरनेही मधल्या काळात मुंबई सोडली होती. त्या ६६० धावांचा २००९ च्या अदलाबदलीशी संबंध जोडणे म्हणजे शेत विकल्यानंतर तिसऱ्या मालकाने काढलेल्या पिकाबद्दल पहिल्याने हळहळण्यासारखे आहे.

पनवेल ही कोणे एके काळी तांदळाची मोठी पेठ आणि बंदर होते, हे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको. खाडीतून माल मुंबईस जाई. ज्या व्यापाऱ्याने दिवाळीनंतर आपला भात विकला, त्याला पुढच्या आषाढात मुंबईत त्याच भाताचा भाव दीडपट झाल्याचे कळले, तर चुटपूट अवश्य लागली असेल. पण खतावणी लिहिताना तो चुटपूट लिहीत नसे. विकला त्या दिवशी भाव काय होता, गोदामात जागा किती होती, हाती पैसा किती हवा होता आणि आलेल्या पैशातून पुढे कोणता माल घेतला, एवढेच तो पाही. आषाढातला भाव त्याच्या वहीत यावयाचाच असेल, तर तो पुढच्या वर्षी केव्हा विकावे याचा धडा म्हणून. खेळाडूंच्या देवघेवीस हीच वही लावली पाहिजे. सोडण्याच्या दिवशी काय माहीत होते, आणि रिकाम्या झालेल्या जागेचे पुढे काय केले, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही व्यवहाराचा न्याय होऊ शकत नाही. गेलेल्याची कामगिरी हा तिसरा प्रश्न होय, आणि तोही सावधपणे विचारावयाचा.

या कसोटीवर दिल्लीचा आणखी एक व्यवहार घासून पाहण्याजोगा आहे. २०२० च्या मोसमापूर्वी दिल्लीने न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्ट मुंबईस देऊन टाकला. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात, १० नोव्हेंबर २०२० रोजी दुबईत, त्याच बोल्टने दिल्लीच्या डावातील पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. एकंदर तीन गडी टिपून तो सामनावीर ठरला आणि मुंबईने करंडक पाचव्यांदा जिंकला. दैवाने एवढी नेमकी चपराक क्वचितच कोणास दिली असेल. त्या रात्री दिल्लीच्या संघचालकांना मूर्ख ठरविणे किती सोपे होते ! पण बोल्टला सोडून दिल्लीने वेगवान गोलंदाजी ज्यांच्याकडे सोपविली, त्यांपैकी कगिसो रबाडाने त्या मोसमात ३० बळी घेतले, म्हणजे स्पर्धेत सर्वाधिक, आणि आन्रिख नॉर्कियाने २२. बोल्टचे स्वतःचे बळी होते २५. परदेशी खेळाडूंच्या चार जागांत तीन वेगवान गोलंदाज बसविणे कोणत्याही शहाण्या कर्णधाराला परवडले नसते. दिल्लीचा निर्णय त्या दिवशी योग्य होता आणि अंतिम सामन्यानंतरही योग्यच होता. फार तर एवढे म्हणता येईल, की बोल्ट द्यावयाचाच होता तर तो सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याला द्यावयास नको होता. हा आक्षेप रास्त आहे. पण तो निराळा आक्षेप आहे.

गेलेल्यांच्या नावाने कपाळ बडवून घेण्याची खोड केवळ आपली नव्हे. अमेरिकेत बेसबॉलचे संघ शंभराहून अधिक वर्षे खेळाडूंची विक्री आणि अदलाबदल करीत आले आहेत. तेथे १९६४ साली शिकागोच्या संघाने लू ब्रॉक हा तरुण खेळाडू सेंट लुईसला देऊन त्याच्या बदल्यात अर्नी ब्रॉग्लिओ हा नावाजलेला चेंडूफेक्या घेतला. ब्रॉक सेंट लुईसला जाताच असा काही खेळू लागला, की त्याच वर्षी त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. इकडे ब्रॉग्लिओचा हात दुखावला व त्याची कारकीर्द लवकरच आटोपली. आजही अमेरिकेत फसलेल्या सौद्याला या जोडीचे नाव देतात. पण व्यवहार झाला त्या दिवशी ब्रॉग्लिओ हा सिद्ध झालेला खेळाडू होता आणि ब्रॉकची कामगिरी सामान्य होती. शिकागोचा निर्णय शहाणपणाचा आहे असे म्हणणारे त्या दिवशी थोडे नव्हते. बॉस्टनने बेब रूथला न्यूयॉर्कला विकले, त्यानंतर २००४ पर्यंत त्या शहराला अजिंक्यपद लाभले नाही आणि लोकांनी त्याचा शाप बनविला. शाप हे निदान स्पष्टीकरण म्हणून मनोरंजक तरी आहे.

घरच्या अंगणात येऊ. वासिम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे गेला तो २०१५-१६ च्या मोसमात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी तो राखला आणि त्या दुसऱ्या वर्षी चाळिशी ओलांडलेल्या जाफरने १०३७ धावा केल्या. मुंबईकरांच्या हळहळीला यापेक्षा भरीव कारण कोणते हवे ? मात्र या हळहळीत एक गोष्ट नेमकी विसरली जाते. जाफर ज्या मोसमात गेला, त्याच मोसमात मुंबईने रणजी करंडक एकेचाळिसाव्यांदा जिंकला, आणि त्या मोसमात श्रेयस अय्यर नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने १३२१ धावांची रास घातली. अय्यर जाफरच्याच जागेवर आला असे म्हणणे अचूक ठरणार नाही. तो त्याआधीच्या मोसमापासून संघात होता. परंतु वरच्या फळीतील एक बलाढ्य नाव बाजूला झाले म्हणजे मागच्यांना श्वास घेण्यास जागा होते, हे मान्य करावयास हरकत नाही. जाफर विदर्भात जाऊन जे करू शकला, ते त्याला मुंबईत करावयास मिळाले असते काय, आणि मिळाले असते तर त्यासाठी कोणाला बाहेर बसावे लागले असते ? गेलेल्याच्या धावा मोजणाऱ्याने या न खेळल्या गेलेल्या डावांचाही हिशेब दिला पाहिजे. तो देता येत नाही म्हणून कोणी देत नाही, आणि म्हणूनच उरलेला अर्धा हिशेब पूर्ण म्हणून खपतो.

विदर्भाच्या त्या दोन करंडकांत आणखी एका मुंबईकराचा वाटा होता, आणि त्याचे प्रकरण जाफरपेक्षा मुंबईस अधिक विचार करावयास लावणारे आहे. २०१५-१६ चा करंडक जिंकणाऱ्या मुंबईचे प्रशिक्षक श्री. चंद्रकांत पंडित होते. पुढच्या मोसमात मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडित यांना निरोप देण्यात आला. ते नागपुरास गेले. दोन वर्षांत दोन करंडक. तेथून ते मध्य प्रदेशाकडे गेले आणि जून २०२२ मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात हरविले ते मुंबईलाच. येथे मात्र मुंबईचा बचाव करणे कठीण आहे. गेलेल्याने पुढे काय केले हे त्याचे कारण नव्हे. ज्याला दूर केले त्याने काय केले आहे हे दूर करतानाच माहीत होते : एक अजिंक्यपद आणि एक उपविजेतेपद. अंतिम सामन्यातील एका पराभवाने दोन वर्षांचे काम पुसून टाकणारा निर्णय हा २०२२ पर्यंत न थांबताही चुकीचा ठरविता आला असता. नंतरचे करंडक हे त्या चुकीचे पुरावे नव्हेत. ती फक्त तिची जाहिरात झाली.

रायगड जिल्हा कबड्डीचा. येथल्या गावागावांत रात्रीच्या सामन्यांना जमणारी गर्दी क्रिकेटवाल्यांस हेवा वाटावा अशी असते. म्हणून या विषयावर कबड्डीचा दाखला घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि खरे तर सर्वांत निर्णायक दाखला तोच आहे. कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईने २०१८ च्या प्रो कबड्डीत यू मुंबासाठी पदार्पणातच दोनशेंहून अधिक चढाई-गुण मिळविले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. आता प्रचलित गणित लावून पाहा. देसाईने २०१९ च्या मोसमात तेलुगू संघासाठी पुन्हा दोनशेंवर गुण मिळविले. म्हणजे गेलेला चमकला. सबब मुंबईने घोडचूक केली. पण गुणतक्त्यावर त्या वर्षी तेलुगू टायटन्स बारा संघांत अकराव्या स्थानी होते आणि देसाईविना यू मुंबा उपांत्य फेरीत खेळत होता. एका चढाईपटूवर तिजोरी रिकामी केल्यावर पकडी करणारे कोठून आणावयाचे, हा प्रश्न तेलुगू संघास पडला. मुंबईस पडला नाही. पाटण्याने आपला प्रदीप नरवाल जाऊ दिला. २०२१ च्या लिलावात उत्तर प्रदेशच्या संघाने त्याला १ कोटी ६५ लाखांस घेतले. त्याच मोसमात पाटणा अंतिम सामन्यात पोहोचला आणि केवळ एका गुणाने हरला. खेळाडू सोन्याचा असूनही व्यवहार सोडणाऱ्याच्या फायद्याचा असू शकतो, ही गोष्ट क्रिकेटमधील एकेरी कौतुकाच्या सवयीमुळे आपल्या लक्षात येत नाही. सात जणांच्या साखळीत ती चटकन कळते.

गेलेल्यांपैकी कोण आठवतात हाही एक मुद्दाच आहे. यजुवेंद्र चहल आठवतो, कारण तो आयपीएलच्या इतिहासातील सर्वाधिक बळींपर्यंत पोहोचला. तो मुंबई इंडियन्सकडे होता, हे सांगताना मुंबईच्या निवडीची हमखास टिंगल होते. मुंबईने सोडलेले जे डझनावारी तरुण पुढे कोठेच दिसले नाहीत, त्यांच्याबद्दल मुंबईच्या दूरदृष्टीची आरती मात्र कोणी ओवाळत नाही. चहलला मुंबईकडून आयपीएलचा अवघा एक सामना खेळावयास मिळाला, कारण त्याच्यापुढे हरभजनसिंग आणि प्रग्यान ओझा उभे होते. २०१४ मध्ये बंगळूरने त्यास दहा लाखांत घेतले आणि त्याच्या हाती चेंडू दिला. तो मुंबईतच राहिला असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही : पाणी आणि टॉवेल नेण्याचा आणखी काही वर्षांचा अनुभव. त्यास जाऊ दिले हाच त्याच्यावर झालेला मोठा उपकार होय. मुंबईनेही २०१३ ते २०२० या काळात पाच करंडक जिंकले, तेव्हा तिचेही फारसे अडले असे दिसत नाही. सूर्यकुमार यादवची कथा उलट दिशेने हेच सांगते. कोलकात्याकडे चार मोसम तो खालच्या क्रमांकावर येऊन मिळतील ते चेंडू फटकावीत असे. २०१८ मध्ये मुंबईने त्यास वरच्या फळीत धाडले आणि त्याने ५१२ धावा केल्या. कोलकात्याने सोडलेला सूर्यकुमार आणि मुंबईला मिळालेला सूर्यकुमार हे एका अर्थी दोन निरनिराळे खेळाडू होते. जागा बदलते, क्रमांक बदलतो, कर्णधाराचा विश्वास बदलतो. मग धावा तेवढ्या त्याच राहतील असे धरून चालणे हा भाबडेपणा झाला.

याचा अर्थ सोडणारा कधीच चुकत नाही असा नव्हे. २०२४ चा करंडक कोलकात्याने श्रेयस अय्यरच्या नेतृत्वाखाली जिंकला आणि पुढच्या लिलावापूर्वी राखलेल्या खेळाडूंच्या यादीत अय्यरचे नाव नव्हते. पंजाबने त्यास पावणेसत्तावीस कोटींस घेतले. कोलकात्याने वेंकटेश अय्यरवर पावणेचोवीस कोटी खर्चिले. श्रेयसने ६०४ धावा केल्या व पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत नेले. वेंकटेशच्या खात्यावर १४२ धावा जमा झाल्या व कोलकाता आठवे आले. राखण्यासाठी खेळाडूचीही संमती लागते, हे जमेस धरूनही येथे दोष ठेवता येतो, कारण आमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल आहेत. सोडण्याच्या दिवशी जे माहीत होते ते त्याच्या बाजूचे होते, आणि मोकळ्या झालेल्या पैशाचे जे केले ते फसले.

आता धाकाकडे वळू. हार्दिक पंड्या २०२१ च्या मोसमात पाठीच्या दुखण्यामुळे आयपीएलमध्ये एकही षटक टाकू शकला नव्हता. चारच खेळाडू राखण्याची मुभा असताना मुंबईने रोहित शर्मा, बुमराह, सूर्यकुमार व पोलार्ड यांना राखले. त्यात अविचार दिसत नाही. पुढच्याच मे महिन्यात पंड्याने गुजरातच्या नव्या संघाला करंडक मिळवून दिला, अंतिम सामन्यात स्वतः तीन बळी घेतले, आणि मुंबई त्याच मोसमात तळाला गेली. टीकेचा मारा कसा झाला असेल ते सांगावयास नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने पंड्याला रोख मोबदला देऊन परत आणले, त्यासाठी लागणाऱ्या पैशाची तजवीज कॅमेरॉन ग्रीन बंगळूरला देऊन केली, आणि डिसेंबरात पाच करंडक जिंकणाऱ्या रोहित शर्माच्या हातून कर्णधारपद काढून पंड्याकडे दिले. २०२४ मध्ये मुंबई पुन्हा तळाला. आपल्याच मैदानावर आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडविणारे प्रेक्षक वानखेडेने त्या वर्षी पाहिले. पुढे २०२५ मध्ये याच पंड्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने बाद फेरी गाठली, हे न्यायासाठी नमूद केले पाहिजे. तथापि २०२३ चा निर्णय संघाची त्या दिवशीची गरज पाहून झाला, की गेलेल्याच्या यशाने झालेली नामुष्की धुऊन काढण्यासाठी झाला, अशी शंका घेण्यास पुरेशी जागा आहे. धावफलकाकडे पाहून रडण्याची सवय येथे धोरण बनून बसली.

मोठ्या संघांकडे पैसा असतो. त्यांना नामुष्की धुता येते. जिल्हा आणि राज्य संघटनांच्या पातळीवर हाच धाक दुसरे रूप घेतो. तेथे तो खेळाडूला अडवून धरतो. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना नांदतात, शेजारी गोवा आहे. एका संघटनेच्या राखीव बाकावर बसलेल्या मुलाला दुसरीकडे पहिल्या अकरांत जागा मिळण्याचा संभव मोठा असतो. त्यासाठी त्याला ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते देणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो ? मुलाला आपल्याकडे संधी आहे काय, हा यावयास हवा. प्रत्यक्षात ‘हा तिकडे जाऊन शतक ठोकेल आणि मग लोक मला विचारतील’ हा आला, तर त्याबद्दल त्या पदाधिकाऱ्याला तरी सर्वस्वी दोषी कसे म्हणावे ? लोक तेच विचारणार आहेत.

मुंबईच्या संघटनेबाबत एवढे म्हटले पाहिजे, की गेल्या काही वर्षांतील नामांकितांची वाट तिने अडविल्याचे दिसत नाही. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणातच त्याने राजस्थानविरुद्ध १२० धावा केल्या. सिद्धेश लाड गोव्यास गेला व पुढे परतला. पृथ्वी शॉला २०२५ मध्ये परवानगी मिळाली. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडे जाण्यासाठी प्रमाणपत्र मागितले, मग स्वतःच ते मागे घेतले आणि त्याचा पुन्हा स्वीकार झाला. पण ही सारी ठळक नावे आहेत. त्यांच्यामागे कॅमेरे असतात आणि त्यांची अडवणूक झाली तर बोभाटा होतो. पहाटेच्या गाडीने पनवेल, उरण, कर्जतकडून किटचे ओझे खांद्यावर टाकून मैदाने गाठणाऱ्या, वयोगटाच्या संघात निवड होऊनही बाकावरच मोसम काढणाऱ्या मुलाचा अर्ज कोणत्या कपाटात किती दिवस पडून राहतो, हे कोणास कळणार ? खेळण्याच्या वयातला एक मोसम म्हणजे आयुष्यातील एक वर्ष नव्हे. तो कारकिर्दीचा दहावा-बारावा हिस्सा असतो. सतराव्या वर्षी वाया गेलेला मोसम सत्ताविसाव्या वर्षी भरून काढता येत नाही.

म्हणून संघटनांनी दोन गोष्टी कराव्यात. प्रमाणपत्राच्या अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय द्यावा आणि नकार असेल तर त्याचे कारण लेखी द्यावे. दुसरे असे, की खेळाडूस सोडताना त्याच्या जागी कोणाला आणि किती सामने खेळविण्याचा विचार आहे, हे निवड समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे. तीन वर्षांनी कोणाला हिशेब मागावयाचा असेल, तर तो त्या नोंदीवरून मागता येईल. दुसऱ्या राज्याच्या धावफलकावरून मागावा लागणार नाही. वृत्तपत्रांनीही गेलेल्याच्या शतकाचा मथळा छापताना त्याच दिवशी त्याच्या जागी खेळलेल्याने किती केल्या, हे एका ओळीत छापण्यास फारशी जागा लागणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने पालघरच्या शार्दूल ठाकूरला दोन कोटी रुपयांत लखनौकडून घेतले आणि अर्जुन तेंडुलकर तीस लाखांत लखनौला दिला. दोन्ही गोलंदाज, दोघेही मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. अर्जुनने लखनौसाठी कधी चार बळी घेतले की त्या दिवशी हार्बरच्या डब्यात काय बोलले जाईल, ते आजच लिहून ठेवता येते. त्याच दिवशी मुंबईसाठी सोळावे षटक कोणी टाकले आणि त्यात किती धावा गेल्या, हे पाहणारा एखादा प्रवासी त्या डब्यात असला, तर वादाला निदान दुसरी बाजू मिळेल.